रटल्स : नकलेच्या गाण्यांवर खरा दावा
(टीव्हीवरचे खोटे बँड – लेखांक ७)

मागच्या आठवड्यातल्या मंकीजना खराखुरा बँड व्हायचं होतं. रटल्सकडून तशी अपेक्षा कुणाचीच नव्हती.

रटलँड हा इंग्लंडमधला सगळ्यात चिमुकला परगणा. १९७४ साली तो सरकारी नकाशावरून पुसला गेला आणि पुढच्याच वर्षी, तिथलं एक दरिद्री टीव्ही केंद्र कल्पून, माँटी पायथनवाल्या एरिक आयडलनं बीबीसी टूवर विनोदी मालिका सुरू केली. गाण्यांची बाजू नील इनेसकडे होती. त्याचं एक गाणं बीटल्सच्या वळणाचं निघालं. आयडलच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं : माहितीपटाचा निवेदक बोलत चाललाय, कॅमेऱ्याची गाडी वेग घेते आणि बिचारा धापा टाकत तिच्यामागे पळतो. दोन्ही गोष्टी एका चित्रफितीत एकत्र आल्या आणि रटल्स जन्मले. ती चित्रफीत १९७६मध्ये अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये दाखवली गेली आणि २२ मार्च १९७८ रोजी एनबीसीवर रटल्सचा अख्खा खोटा माहितीपटच झळकला.

त्यात बीटल्सच्या आयुष्यातला प्रसंग न् प्रसंग आहे, फक्त जरासा तिरका. बॉब डिलन रटल्सना व्यसन लावतो ते चहाचं! (आपल्याकडे या विनोदाला कुणी हसेल की दुसरा कप मागेल, सांगता येत नाही.) माझा आवडता प्रसंग मात्र वेगळा. रटल्सच्या कंपनीच्या दारात एक वार्ताहर मुलाखत घेतोय. कंपनीत चोऱ्यामाऱ्या होत नाहीत, असं प्रवक्ता ठासून सांगतोय आणि त्याच्या पाठीमागून लोक सामान उचलून नेतायत. शेवटी वार्ताहराच्या हातातला माइकही जातो. हा वार्ताहर म्हणजे पिकल्या केसांच्या वेशातला खुद्द बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. स्वतःच्या घरची लूट त्यानं स्वतः उभं राहून दाखवली.

पण हे सगळं तरतं ते इनेसच्या गाण्यांवर. तो बाहेरचा नक्कलकार नव्हता. त्याचा बॉन्झो डॉग बँड १९६७ साली बीटल्सच्याच ‘मॅजिकल मिस्टरी टूर’मध्ये दिसला होता. रटल्ससाठी लिहिताना जुन्या रेकॉर्डी पुन्हा लावायच्या नाहीत, आठवणीवरच भागवायचं, असं त्यानं ठरवलं. त्यामुळे एकेका चालीची नक्कल झाली नाही, घराण्याची गायकी तेवढी उतरली. थट्टा बव्हंशी शब्दांत राहिली. चाली त्यानं मन लावून बांधल्या. विडंबनकार बहुधा इथेच आळस करतात.

तेच त्याला भोवलं. बीटल्सच्या बहुतेक गाण्यांचे प्रकाशनहक्क बीटल्सकडे नव्हतेच; १९६९पासून ते एटीव्ही या कंपनीच्या ताब्यात गेले होते. हॅरिसन हसला म्हणून कंपनी थोडीच हसणार! तिनं दावा लावला. इनेसनं तडजोड केली, कमाईत वाटा दिला आणि त्याच्या गाण्यांवर लेनन-मॅकार्टनी ही नावंही चढली.

१९९०च्या दशकात फासा उलटा पडला. बीटल्सची छाप मिरवणाऱ्या ओअ‍ॅसिसच्या ‘व्हॉटेव्हर’ या गाण्यात इनेसच्या १९७३मधल्या एका गाण्याची चाल सापडली. या वेळी सहलेखक म्हणून नाव चढलं ते नील इनेसचं.