खतावणी आणि संगणक

बेळगावच्या आमच्या धान्याच्या पेढीवर दिवाळीस वहीपूजन होऊन नवी कीर्द-खतावणी सुरू होत असे. पुढे संगणक आला. टॅली ही हिशेबाची आज्ञावली मुळात १९८६ साली बेंगळुरूस भरत गोयंका यांनी वडिलांच्या व्यवसायासाठीच रचली. वहीवरूनच जी बेतली, ती आमची वहिवाट काय बदलणार, असे आम्हांस वाटले. अनुभव निराळा आला.

वहीत बाकी दिसे. परंतु ती कोणाची किती वाढू द्यावी, हा विवेक दिवाणजींच्या मनात असे. तो कोठे लिहिलेला नव्हता, म्हणून यंत्रात उतरला नाही. उतरला तो केवळ उधारीच्या मर्यादेचा आकडा.

एके वर्षी पाऊस लांबला असता खेड्यातील एक जुने दुकानदार ज्वारीच्या दहा पोत्यांसाठी आले. मर्यादा ओलांडली म्हणून बिल निघेना. पूर्वी अशा वेळी दिवाणजी उठून आम्हांस विचारीत. या खेपेस कारकुनाने पडद्याकडे बोट दाखविले, आणि ते गृहस्थ विन्मुख परतले. आम्ही आतल्या खोलीतच होतो. आम्हांस संध्याकाळी कळले.

दोष यंत्राचा नव्हे. आकडा आम्हीच भरला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः माल पोहोचविला आणि नियम केला की, नकार द्यावयाचा तो मालकानेच, समोर बसवून.

आज बेरजेची चूक शोधीत रात्री जागाव्या लागत नाहीत, हा यंत्राचा उपकारच होय. परंतु व्यापारी बंधूंनी नवी आज्ञावली घेण्यापूर्वी, वहीत न लिहिता पेढीवर काय काय चालते, त्याची याद अवश्य करावी.