सडकं आलं, ईडलिंबू आणि सायटेशनचा बहार!

शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याची कलमं! जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि रोपं गाडीत भरून दूरदूर धाडायची. पण याच अमरावती जिल्ह्यातून आणखी एक माल जगभर जातो, माहीत आहे का? सायन्सचे पेपर! दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा हवाला दिला की तुमच्या खात्यात एक ‘सायटेशन’ जमा. चला, उघडू या हे खातं!

चांदीच चांदी!
साल २००९. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातले महेंद्र राय आणि विभागातलेच दोन सहकारी ‘बायोटेक्नॉलॉजी ॲडव्हान्सेस’ या जर्नलमध्ये चांदीच्या नॅनोकणांवर पेपर लिहितात. पानं फक्त आठ. सायटेशन? हजारोंच्या घरात!

प्रयोग नाही, तरी हिट!
गंमत म्हणजे हा पेपर नव्या प्रयोगाचा नव्हताच. तो होता ‘रिव्ह्यू’, म्हणजे जगभर विखुरलेलं काम एका जागी नीट मांडणारा लेख. विषयात नव्याने शिरणारा प्रत्येक जण आधी असा लेख शोधतो. मग हवाल्यांची रांग लागणारच की!

जंतूंवर झाडू
चांदीचे हे नॅनोकण जंतू मारतात कसे? आधी मीटरचे १०० कोटी भाग करा. त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. कण जितके बारीक, तितका तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग जास्त आणि जंतूला चिकटायला जागाही जास्त. जंतूचं आवरण फाटतं, चांदीचे आयन आत शिरून प्रथिनांना धरतात. खेळ खल्लास! हातात झाडू घेऊन गावं स्वच्छ करणाऱ्या बाबांच्या नावाचं विद्यापीठ, शोभतं की नाही?

आलं सडलं, कामी आलं
हे कण करायला मोठं मशीनच लागतं असं थोडंच आहे! २००८ मध्ये राय आणि सहकाऱ्यांनी रोगट आल्यावरची एक बुरशी घेतली. तिच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, आणि १५-२० मिनिटांत चांदीचे कण तयार! असे कण झाले हे ओळखायचं कसं? द्रावण तपकिरी व्हायला लागतं. आपण सडकं आलं उकिरड्यावर टाकतो, यांनी त्यावर पेपर टाकला.

संत्र्याचा भाऊबंद ग्लोबल
माहीत आहे का, आपलं ईडलिंबू इंटरनॅशनल जर्नलच्या मथळ्यात झळकलंय? २०१५ मध्ये याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ईडलिंबाच्या रसातून तांब्याचे नॅनोकण बनवले. ते जंतूंवर चालले आणि पिकांवरच्या बुरशीवरही. संत्र्याला डिंक्या लागू नये म्हणून बुंध्याला बोर्डो पेस्ट लावणाऱ्या बागायतदाराला यात काय नवल! पेस्टमधल्या मोरचुदात तांबंच की.

‘एच’ फॉर हिशेब
संशोधकाचं प्रगतिपुस्तक म्हणजे ‘एच-इंडेक्स’. २००५ मध्ये तो काढला होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने. समजा, पेपर म्हणजे झाड आणि सायटेशन म्हणजे फळ. बागेत निदान दहा-दहा फळं धरलेली दहा झाडं आहेत, तर एच दहा. एकच झाड फळांनी वाकलं आणि बाकीची वांझ, तर एच फक्त एक! इथे एका बहारावर भागत नाही, राजेहो.

वर्ल्ड रेकॉर्ड!
सगळ्यात जास्त सायटेशन कोणाला? आइन्स्टाइन? चुकलात! ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, तीन लाखांहून जास्त! त्यात काय आहे? नमुन्यात प्रथिन किती ते मोजायची पद्धत. बस्स! आणि डीएनएचा गोफ उलगडणारा जगप्रसिद्ध पेपर? ‘नेचर’ने २०१४ मध्ये छापलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत तो नव्हताच. म्हणजे सायटेशनवरून काय कळतं? किती जणांना तुमची गरज पडली ते. थोरवी मोजायचा काटा वेगळा!

म्याऊ, भू-भू आणि पीएच.डी.
१९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्यानेच पेपर लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ लिहून बसले. तेव्हा टाइपरायटरचा जमाना, पुन्हा टाइप कोण करणार? घातलं मांजराचं नाव सहलेखक म्हणून! १९७८ मध्ये इम्युनॉलॉजिस्ट पॉली मॅट्झिंगर यांनी तर आपल्या कुत्रीला सहलेखिका केलं. त्या दोघांचीही सायटेशन होतात, बरं का! आमचा मोती अजून प्रतीक्षा यादीत आहे.

होमवर्क
मोबाइल हातात आहेच ना? मग गूगल स्कॉलर उघडा आणि रोमन अक्षरांत ‘ईडलिंबू’ टाका. मथळ्यात त्याचं स्पेलिंग ‘Idilimbu’ असं आहे. पेपर सापडला की खालचा सायटेशनचा आकडा बघा. तेवढ्यांदा कोणीतरी, कुठेतरी, अमरावतीकडे बोट दाखवलंय!