फोटोतला वैमानिक: आधी काळ, मग नाव

अनोळखी चेहऱ्याची ओळख पटवण्याचा एक मोठा खटला जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या नावावर आधीच आहे. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, अंगभर दागिने, आणि घडण उघडच भारतीय. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या शहरात ही कोण? तिला लक्ष्मी म्हटले गेले. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. सांची-भरहुतच्या दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच. तिथे पाँपेईच्या मूर्तीशी जवळचे नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि अभ्यासकांच्या नजरा केळना नदीच्या काठाकडे वळल्या. केशरचना, दागिने, बाजूच्या दासी हे सारे ताडून पाहिल्यावर बहुतेकांचे मत पडले की ही लक्ष्मी नसून यक्षी असावी. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने तिच्या जन्मस्थानाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण लोकांच्या तोंडी ती लक्ष्मीच राहिली. एकदा चिकटलेले नाव पुराव्यापेक्षा चिवट असते.

जुन्या फोटोतल्या लष्करी वैमानिकाचा शोध घेताना हीच अडचण सर्वांत आधी समोर येते. मराठवाड्यातल्या एखाद्या वाड्यात, पेटीच्या तळाशी, कातडी टोपी आणि गॉगल घातलेला तरुण सापडतो. घरातली वडीलधारी मंडळी नाव सांगून मोकळी होतात: हे आमचे थोरले काका, लढाईत विमान चालवायचे. ते खरेही असेल. पण माझा आग्रह असा की नाव सर्वांत शेवटी लिहावे. आधी फोटोला त्याचा काळ विचारावा, मग त्याचे सैन्य, मग हुद्दा आणि काम. एवढे झाल्यावर जे थोडे लोक उरतात, त्यांच्यात नाव शोधावे.

सुरुवात छातीपासून करावी. वैमानिकाचे पंख डाव्या खिशाच्या वर शिवलेले असतात. ते उजवीकडे दिसत असतील तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. कोटाची बटणे पाहून खात्री करून घ्यावी, कारण पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते. पंख दोन्ही बाजूंना पसरलेले असतील तर माणूस वैमानिक. एकच पंख असेल तर तो निरीक्षक, नॅव्हिगेटर किंवा तोफची, म्हणजे विमानात बसणारा पण विमान न चालवणारा. बाहीवरच्या पट्ट्यांनी हुद्दा कळतो: रुंद पट्टी एक असेल तर फ्लाइंग ऑफिसर, दोन असतील तर फ्लाइट लेफ्टनंट, तीन असतील तर विंग कमांडर. टोपीवर ब्रिटिश मुकुट असेल तर फोटो बहुधा २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. कुठे 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असे लिहिलेले असेल तर काळ आणखी आवळतो, कारण 'रॉयल' हा मान १२ मार्च १९४५ ला मिळाला आणि प्रजासत्ताकाबरोबर गेला.

पदकाच्या फितीही बोलतात. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक जून १९१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या फितीवरचे जांभळे-पांढरे पट्टे आडवे होते. १९१९ पासून ते तिरपे झाले. आडवे पट्टे दिसले की फोटो त्या एका वर्षाच्या आसपासचा, मग घरातली कथा काहीही सांगो.

कृष्णधवल फोटोतला रंग मात्र फसवतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा रंग फिकट आणि लाल रंग जवळजवळ काळा दिसत असे. त्यामुळे ब्रिटिश विमानाच्या अंगावरच्या वर्तुळात मधला लाल ठिपका काळाकुट्ट येतो आणि बाहेरचे निळे कडे पांढरट. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गोंधळ होऊ नये म्हणून वर्तुळातला लाल रंगच काढून टाकला होता. अशा लाल नसलेल्या वर्तुळासमोर उभा असलेला माणूस पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही.

आता आपल्या भागातला सर्वांत मोठा चकवा. दोन्ही महायुद्धांच्या काळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद राज्यात होते; जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. त्यामुळे फोटोच्या मागे किंवा विमानाच्या अंगावर 'हैदराबाद' दिसले की आपल्याला तो आपला माणूस वाटतो. तसे नाही. पहिल्या महायुद्धात निजामाने दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली. प्रत्येक विमानावर निजामाची भेट असल्याचा मजकूर आणि हैदराबाद हे नाव क्रमांकासह रंगवलेले होते. १९१८ च्या शरद ऋतूत ही विमाने फ्रान्समधून उडून जर्मन शहरांवर बॉम्ब टाकत होती. चालवणारे मात्र आपल्याकडचे नव्हते.

त्यातल्या एका विमानाचा प्रवास मला विलक्षण वाटतो. एफ १०१० क्रमांकाचे, 'हैदराबाद १२ए' असे नाव असलेले हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडला हलवले गेले, क्राकोला राहिले आणि १९७७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात पोचले. ज्या राज्यात भोकरदनचा शेतकरी सारा भरत होता, त्या राज्याचे नाव अंगावर वागवणारे विमान आज लंडनमध्ये उभे आहे. आपल्याकडे किती जणांना ते माहीत आहे?

दुसऱ्या महायुद्धात हा गुंता आणखी वाढला. १५२ क्रमांकाच्या 'हैदराबाद' स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, होती. या स्क्वाड्रनने १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर उडवली आणि पुढे ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. ११० क्रमांकाची स्क्वाड्रनही तोवर भारतात पोचली होती. तेव्हा दस्तारीचे चिन्ह असलेला फोटो हैदराबादी माणसाचा असेल असे धरून चालू नये.

उलट चकवाही आहे. हैदराबादच्या बेगमपेटला युद्धकाळात प्राथमिक उड्डाण प्रशिक्षणाची शाळा होती. टायगर मॉथ विमानावर हात बसवायला भारतभरची मुले तिथे येत आणि पुढे अंबाल्याला जात. त्यामुळे मागे हैदराबादच्या स्टुडिओचा शिक्का असलेला तरुण पंजाबी असेल, बंगाली असेल किंवा आपल्या शेजारच्या गावचाही असेल. शिक्का फक्त एवढेच सांगतो की फोटो काढला त्या दिवशी तो तिथे होता.

आणि प्रत्येक गणवेशधारी उडत नव्हता. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला कायद्याने अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या द्रिग रोडवर चार वापिती विमानांनिशी पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याबरोबर जमिनीवरची कामे करणारे जवान भरती झाले, त्यांना 'हवाई सिपाही' म्हणत. इंजिन खोलणारे, कापड ताणून पंख दुरुस्त करणारे, बॉम्ब चढवणारे हात त्यांचेच. विमानाला टेकून फोटो त्यांनीही काढून घेतला आणि दोन पिढ्यांनी घर त्यांना पायलट म्हणू लागले. फोटोतला माणूस फिटर निघाला म्हणून कुटुंबाचा विरस झाला तर मला वाईट वाटते. त्याने पाना आवळला नसता तर एकही विमान परत आले नसते. जत्रेतल्या स्टुडिओचा प्रकार निराळा. तिथे रंगवलेल्या पडद्यावरच्या विमानात कोणीही बसे, म्हणून विमानाच्या कडा भिंगातून पाहाव्यातच.

आता नाव. आपल्या माणसांच्या बाबतीत खरे हाल इथेच होतात. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी उतरंड असते; इंग्रज कारकून त्यातले काय कुठे टाकील याचा नेम नसे. याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंगकर यांचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान चालवणारे भारतीय अगदी मोजके: इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि वेलिंगकर. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेला आणि २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवू लागला. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेलेले त्याचे विमान परतले नाही. ३० जून ही त्याच्या मृत्यूची नोंदलेली तारीख. वय २३.

त्याला पुरले ते शत्रूने. युद्ध संपले तरी कबरीचा पत्ता लागेना, आणि लागला तेव्हा कळले की तिच्यावरच्या नावाची पार मोडतोड झालेली होती. आघाडीवरच्या जर्मनाला मराठी आडनाव वाचता येणार तरी कसे? कबर होती, नाव होते, तारीख होती. फक्त तो माणूस आणि त्या खुणा एकमेकांना जोडणारे कोणी तिथे नव्हते. ज्यांनी तो गेल्यावरही विचारपूस सोडली नाही, त्यांच्यामुळे ती जोडणी झाली. आज तो फ्रान्समध्ये सोम भागातल्या हांगार्डच्या दफनभूमीत आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदीत त्याचे नाव श्री कृष्ण चुंडा वेलिणकर अशा धर्तीवर, तुकडे पाडून लिहिलेले सापडते. 'श्रीकृष्ण' हा एक शब्द धरून शोधणाऱ्याला ते चटकन मिळणार नाही.

म्हणून शोधणाऱ्याने आडनावाची सुचतील तेवढी इंग्रजी रूपे आधी कागदावर मांडावीत: व्ही आणि डब्ल्यू, शेवटचा 'कर' वेगळा काढून, मधला 'ग' घालून आणि गाळून. मग लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पहिल्या महायुद्धकाळच्या हवाई अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी, स्क्वाड्रनच्या रोजनिश्या, नेमणुका छापणारे लंडन गॅझेट, आणि रॉयल एरो क्लबची वैमानिक प्रमाणपत्रे पाहावीत. ही प्रमाणपत्रे फार मोलाची, कारण त्यांच्याबरोबर बहुधा उमेदवाराचा फोटोही असतो: कान, भुवया, हनुवटी शेजारी ठेवून ताडता येतात. कान तर वयानुसार फारसा बदलत नाही. १९३२ नंतरच्या माणसासाठी भारताचे राजपत्र आणि दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग.

फोटो मात्र मूळचाच जपावा. प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून घेऊ नये, पुठ्ठ्यावरून सोलू नये, आणि स्कॅन करताना मागची बाजूही करावी, रिकामी दिसली तरी. तिरप्या उजेडात धरली की पुसलेल्या पेन्सिलीचे दाब उठून दिसतात. नाव लिहायचेच असेल तर वेगळ्या कागदावर लिहावे, आणि ते कोणी सांगितले, कधी सांगितले आणि त्यांनी तो माणूस स्वतः पाहिला होता का, हे त्याखाली नोंदवावे.