पिल्लू घरी, आपण ऑफिसात

संध्याकाळचे सात वाजलेले. नवरा-बायको दोघेही लोकलच्या गर्दीतून दमूनभागून घरी पोहोचतात. कुलूप उघडताक्षणी वास नाकात शिरतो. दिवाणखान्यात दोन ठिकाणी ओले, सोफ्यापाशी घाण, पायपुसण्याच्या चिंध्या. आणि या साऱ्याच्या मधोमध शेपटी हलवत उभे असलेले दोन महिन्यांचे गोजिरवाणे पिल्लू! बायको पर्स टाकून फडके हातात घेते. नवरा पुटपुटतो, ''तरी मी सांगत होतो, कुत्रं नको.'' ती फणकारते, ''मुलांनी हट्ट धरला तेव्हा हो कोण म्हणालं होतं?'' मुले गप्प. शेवटी राग निघतो तो पिल्लावर. त्याच्या पाठीत एक धपाटा बसतो.

दोघेही नोकरी करणाऱ्या घरात नवे पिल्लू आले की हे दृश्य थोड्याफार फरकाने दिसते. मग पिल्लाची रवानगी बाल्कनीत होते. पुढे ते कुणाला तरी देऊन टाकण्याची भाषा सुरू होते. काही पिल्ले तर चक्क रस्त्यावर सोडली जातात. पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी या साऱ्यात पिल्लाचा दोष किती?

साधा हिशेब

पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. साधारण तितके तासच ते लघवी रोखून धरू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. लहान चणीच्या जातींची पिल्ले त्याहूनही कमी. आपण मात्र सकाळी साडेआठला बाहेर पडतो आणि सातला परततो. साडेदहा तासांची अपेक्षा तीन तासांच्या जिवाकडून करायची आणि ती पुरी झाली नाही की त्याला मारायचे, हा कुठला न्याय? पिल्लू खोडकर नसते, सूड तर मुळीच उगवत नसते. त्याचे शरीर अजून तयार झालेले नसते, इतकेच. म्हणून आधी वेळापत्रक बदलायचे असते ते घरातल्या माणसांचे.

पहिला आठवडा सुट्टीचा

पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावरच घरी आणावे आणि तेव्हा दोघांपैकी एकाने तरी आठवडाभर रजा काढावी. दोघांनी आळीपाळीने काढली तर उत्तम. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीचा मोह होतो, पण फटाक्यांच्या आवाजाने पिल्लू बिथरते. त्यापेक्षा मे महिना बरा. पाऊस सुरू होण्याआधी निम्मे शिक्षण उरकते.

झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लाला ठरलेल्या एकाच जागी न्यावे. खेळता खेळता ते अचानक थांबले, जमीन हुंगू लागले, गोल गोल फिरू लागले की वेळ झाली असे समजावे. तिथे नेल्यावर 'शू कर' असा एकच शब्द सगळ्यांनी वापरावा. काम झाल्या क्षणी कौतुक करावे, लाडाचा एखादा छोटा तुकडा द्यावा. घरात येऊन दिलेल्या बक्षिसाचा संबंध पिल्लाला लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे रात्री एकदा गजर लावून उठावेही लागते. ती पाळी नेहमी एकाच्याच वाट्याला येऊ नये.

लसींचा क्रम सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतो आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तो पुरा होईपर्यंत इतर कुत्री वावरतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नये. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार आहेत. तोवर गच्ची किंवा घरातला कागद हीच जागा. बाहेर कधी न्यायचे, ते पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

रजा संपल्यावर

दुपारी एकदा तरी कुणी घरी येईल, ही सोय सर्वांत महत्त्वाची. शेजारचे निवृत्त आजोबा, इमारतीतली कॉलेजात जाणारी मुलगी, दुपारी कामाला येणाऱ्या मावशी - त्यांची मनापासून तयारी असेल तर त्यांना विचारावे. मावशींवर हे काम फुकटात लादू नये, त्याचे पैसे वेगळे द्यावेत. मोठ्या शहरांत पैसे घेऊन कुत्री फिरवणारे आणि दिवसभर सांभाळणारेही मिळतात. एकाने थोडे उशिरा निघायचे आणि दुसऱ्याने लवकर परतायचे, असे जमले तर मधला रिकामा काळ आणखी कमी होतो.

मागे पिल्लाला सबंध घर मोकळे सोडू नये. स्वयंपाकघराचा किंवा खोलीचा एक भाग जाळीचे फाटक लावून अडवावा. एका टोकाला अंथरूण आणि पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रे. झोपायची जागा शक्यतो घाण करायची नाही, ही कुत्र्याची उपजत वृत्ती असते. तिचा फायदा होतो. सुरुवातीला बरीच जमीन कागदांनी झाकावी, मग एकेक कागद कमी करत उरलेले दाराच्या दिशेने सरकवावेत. वासाने जागा ओळखता यावी म्हणून जुन्या कागदाचा ओलसर तुकडा नव्याखाली ठेवावा. कागदाची सवय लागलेल्या पिल्लाला बाहेर जायचे पुन्हा शिकवावे लागते, हे खरे. आणि तोवर आजचा पेपर जमिनीवर ठेवायचा नाही!

पिंजरा थोड्या वेळासाठी ठीक. दिवसभर कोंडणे नव्हे. भर उन्हाच्या बाल्कनीत आखूड साखळीने बांधणे तर क्रूरपणाच. घाण होऊ नये म्हणून पाणी तोडणे हा उपायही घातक आहे.

'चोरासारखे' तोंड

''बघा, कसं चोरासारखं तोंड करून बसलंय! त्याला सगळं कळतं,'' असे अनेक जण म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ कुत्र्यांना हेच तपासून पाहिले. कुत्र्याने चूक केली होती की नव्हती, यावर त्याचा तो चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे. दुपारी केलेल्या घाणीसाठी संध्याकाळी दिलेल्या धपाट्याचा अर्थ पिल्लाला एकच लागतो: माणसे घरी आली की मार बसतो. मग ते सोफ्यामागे लपून शू करू लागते. घाणीत नाक घासणे, हा जुना प्रकारही याच कारणाने निरुपयोगी.

आपल्याला पाहून आनंदाने किंवा भीतीने पिल्लाला जागच्या जागी शू होते, तेव्हाही ओरडू नये. शांतपणे त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे, लाड त्यानंतर. घाण टिपून जागा साबणाच्या पाण्याने धुवावी आणि वास मोडणारे एंझाइमयुक्त द्रावण लावावे. अमोनियाचे द्रावण वापरू नये. त्याच्या वासाने पिल्लू पुन्हा तिथेच जाते. फिनाईलही ओतू नये, कारण पिल्लू फरशी आणि पंजे चाटते.

सवय लागलेले पिल्लू एकाएकी पुन्हा घरात करू लागले, सारखी थेंब थेंब लघवी होऊ लागली किंवा लघवीत रक्त दिसले, तर ती खोड नव्हे, आजार असू शकतो. पशुवैद्याकडे न्यावे.

शेजारधर्म

निवासी संकुलांना कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण हक्काबरोबर कर्तव्यही येते. बाहेर नेताना कागद किंवा पिशवी बरोबर ठेवून आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलावी. जिन्यावरची अर्धी भांडणे तिथेच मिटतील.

बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांची होईतो बरीचशी शिकतात, पक्की सवय लागायला कधी वर्षही जाते. इतका धीर, दुपारचे माणूस आणि रात्रीची जाग यांची सोय होणार नसेल, तर पिल्लाऐवजी मोठे कुत्रे दत्तक घ्यावे. आसऱ्याला असलेली अनेक गुणी देशी कुत्री घराची वाट पाहत असतात, आणि मोठ्या कुत्र्याला पिल्लापेक्षा पुष्कळ जास्त वेळ थांबता येते.

पिल्लू आणायचा निर्णय झालाच असेल, तर मुलांच्या हाती गळपट्टा देण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद भरावा: सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री कोण. तिन्ही जागी नाव लिहिले गेले, तरच पिल्लाला घरी आणावे.