होटगीचे रूळ आणि पायथॉनची नवी आवृत्ती

होटगी जंक्शनला पूर्वी दोन मापांचे रूळ एकत्र येत. मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर. गदगकडचा मार्ग मीटरगेज, १,००० मिलिमीटर. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही. माल उतरवा, पुन्हा चढवा. पुढे गदगचा मार्गही ब्रॉडगेज झाला आणि ही हमाली संपली. पण मीटरगेजचे डबे त्या मार्गावर निरुपयोगी ठरले.

'पायथॉन' या मुक्त-स्रोत संगणकभाषेत असेच घडले. ३ डिसेंबर २००८ रोजी तिची तिसरी आवृत्ती आली आणि दुसऱ्या आवृत्तीतले असंख्य प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालेनात. लोक नव्या आवृत्तीकडे वळायला इतके नाखूश होते, की जुनीची २०१५ मध्ये संपणारी मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. चूक दाखवून बंद पडणारा प्रोग्राम एक वेळ परवडला. ७ भागिले २ केले की जुनी आवृत्ती ३ सांगे, नवी ३.५ सांगते, तेही कसलीही सूचना न देता. औषधसाठ्याच्या हिशेबात असा फरक चटकन ध्यानातही येणार नाही.

तरी हा बदल मराठीच्या पथ्यावर पडला. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या 'होटगी' या शब्दाची लांबी जुनी आवृत्ती १५ सांगे, कारण ती बाइट मोजायची. नवी ५ सांगते: ह, ओकार, ट, ग आणि दीर्घ ईकार. (आपल्या लेखी अक्षरे तीनच, पण तो घोळ वेगळा.) देवनागरी मजकूर हाताळताना जुने प्रोग्राम वारंवार कोलमडत, तेही बरेच कमी झाले.

'लेफ्ट-पॅड'चे प्रकरण मात्र निव्वळ डोकेदुखीचे. अवघ्या ११ ओळींचा हा प्रोग्राम लेखकाने एका वादातून २२ मार्च २०१६ रोजी काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले जगभरचे प्रकल्प काही तास अडले. फुकट वापरायचे आणि वर स्वयंसेवकांवर चिडायचे, हे काही पटत नाही. पण जुने मोडणार असेल, तर आधी सांगायला हवे, ही अपेक्षा रास्तच.

त्यासाठी एक प्रघात आहे. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला, उदाहरणार्थ २.७ वरून ३.० झाला, की जुने मोडण्याची शक्यता धरावी. दवाखान्यात किंवा दुकानात असे अद्ययावतीकरण आधी एकाच, कामात नसलेल्या संगणकावर करून पाहावे. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या मात्र लांबवू नयेत. आणि बॅकअप घेतला, तर तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, हेही तपासावे.