गैरहजरांचें मत

लोकांनीं प्रतिनिधी निवडून द्यावे आणि कायदे त्यांनीं करावे, ही व्यवस्था आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु एखादा प्रश्न प्रतिनिधींवर न सोंपवितां थेट लोकांसच विचारला, तर बहुमत मोजावयाचें कसें? प्रश्न शाळेंतील अंकगणिताचा वाटतो. पण मोजण्याची रीत बदलली कीं निर्णयहि बदलतो.

स्वित्झर्लंडमध्यें संसदेचा कायदा नापसंत असल्यास शंभर दिवसांत ५०,००० सह्या जमवाव्या, म्हणजे तो कौलास ठेवावाच लागतो. या हक्काचा उगम १८७४ सालच्या राज्यघटनेंत आहे. तेथें दिलेलीं मतेंच मोजतात. घरीं बसला तो हिशेबांतून गेला. इटलींत रीत निराळी. ५ लक्ष मतदारांच्या मागणीवरून चालू कायदा रद्द करण्यासाठीं कौल घेतां येतो. मात्र निम्म्याहून अधिक मतदार आले नाहींत, तर सारा खटाटोप व्यर्थ. जून २०२५ मध्यें पांच प्रश्न विचारले गेले, सुमारें ३० टक्के मतदार आले आणि पांचहि प्रश्न बारगळले. कायदा टिकावा असें ज्यास वाटतें, त्यानें तेथें विरुद्ध मत देण्यापेक्षां अंथरुणांत पडून राहणेंच अधिक फायद्याचें!

आपल्या महाराष्ट्रांत असा थेट कौल आहे तो दारूच्या दुकानासंबंधीं. २००८ सालच्या शासकीय आदेशानें असें ठरविलें कीं, गांवांतील किंवा वार्डांतील एक-चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावें. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहूं द्या. आडवी म्हणजे बंद करा. ही चित्रें ज्यानें योजिलीं त्याचें मला कौतुक वाटतें. निरक्षर बाईसहि तीं समजावून सांगावीं लागत नाहींत. परंतु आडव्या बाटलीस यादींतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें हवींत. समजा, यादींत १,००० स्त्रिया आहेत. ५५० आल्या, ४८० जणींनीं आडवी बाटली पसंत केली, ७० जणींनीं उभी. तरी दुकान चालूच! न आलेल्या ४५० जणी उभ्या बाटलीच्या बाजूस धरल्या गेल्या.

आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडील किंवा उल्हासनगरांतील एखाद्या वार्डास हा नियम लावून पाहा. पहाटेची लोकल धरून मुंबईस कामाला गेलेली स्त्री दिवेलागणीनंतर परतते. भाड्याची खोली सोडून गेलेलीचें नांव जुन्याच यादींत राहतें. वारलेलीचेंहि पुष्कळदां राहतें. म्हणजे मृताचें मतहि दुकानदाराच्या पदरांत!

गोमंतकाचा दाखला घ्या. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजीं झाला. विलीनीकरणास १,३८,१७० मतें पडलीं, विरुद्ध १,७२,१९१. निकाल स्पष्ट लागला. पण यादींत ३,८८,४३२ मतदार होते. निम्मे म्हणजे १,९४,२१६. बाटलीचा नियम लाविला असता, तर जिंकलेला पक्षहि सुमारें २२,००० मतांनीं उणा पडला असता! एका प्रदेशाचें भवितव्य ज्या मापानें ठरलें, त्याहून कडक माप गुत्त्यास कां, हें मला उमगलेलें नाहीं. परवानाधारकाचा धंदा मूठभरांनीं बुडवूं नये, हें म्हणणें रास्त आहे. पण त्यासाठीं किमान उपस्थितीची अट घालतां आली असती.

तोंवर ज्या भगिनींना असा अर्ज करावयाचा आहे, त्यांनीं सह्या गोळा करण्यापूर्वीं वार्डाची मतदारयादी घेऊन दारोदार फिरावें. मृत व स्थलांतरित यांचीं नांवें वगळण्यासाठीं निवडणूक कार्यालयांत नमुना ७ चा अर्ज मिळतो.