कामापुरता सर्व्हर

मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. कामाला साजेशी जागा! क्लाउड सर्व्हर, म्हणजे दूरचा भाड्याचा संगणक, घेतानाही हेच पाहायचं. समजा, मिनिटाला एक चुंबकीय नोंद ठेवायचीय. दिवसाच्या झाल्या १,४४०. त्याला छोटा सर्व्हर पुरे. शंभर वर्षांच्या नोंदी एकदम ताडून पाहायच्या? मग जास्त मेमरी हवी. ते संगणकाचं कामाचं टेबलच की! किचकट गणितांना वेगवान प्रोसेसर लागतो. उगाच मोठा घेतला, तर भाडं वाया. फार छोटा घेतला, तर ऐन चुंबकीय वादळात हिशेब अडायचा! तेव्हा आधी काम ओळखा, मग यंत्र निवडा.